फिरते घर आणि बाहेरचा मिस्त्री

कलबुर्गीत राहणाऱ्या आमच्या नात्यागोत्यातील पाच घरांनी मिळून २०२२ साली एक फिरते घर घेतले. एका कारखान्यातून निघालेल्या मोठ्या व्हॅनवर दुसऱ्या कारखान्याने अंग चढविले. रात्री पसरली की चार माणसे निजू शकतील अशी दोन बाके, एक लहानसा ओटा, गॅसची शेगडी, शंभर लिटर पाण्याची टाकी आणि मागील बाजूस शौचकूप एवढा संसार तीत मावला आहे. हौसेखातर हा खर्च केला असे वाचकांनी समजू नये. आमच्या पाचही घरांत सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत. दर वर्षी माघात गोव्यास कुलदेवतेच्या जत्रेला जाणे त्यांनी कधी चुकविलेले नाही. शिवाय गाणगापूर, माणिकनगर, अक्कलकोट, तुळजापूर ही आमची जवळची दैवते. बसचा प्रवास त्यांना सोसत नाही, बाहेरचे अन्न चालत नाही, आणि दर दोन तासांनी पाय लांब करावयास न मिळाले तर दर्शनाच्या दिवशी उभे राहवत नाही. यास्तव घरच बरोबर न्यावे असे ठरले. आमच्या मातोश्रींनी गाडी आतून पाहिली, ओट्यावरून हात फिरविला आणि "बेस बरें" एवढे दोनच शब्द उच्चारले. कोकणीत याहून मोठे प्रशस्तिपत्र त्या देत नाहीत.

अशी गाडी सांभाळावयाची कोणी, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. आमच्या भागात त्याची दोन उत्तरे प्रचलित आहेत. गाडी 'शोरूमला टाकावी' हे एक, आणि 'बाहेर काम करून घ्यावे' हे दुसरे. या 'बाहेर' शब्दाची आम्हांस नेहमी मौज वाटते. जो मिस्त्री तीन पिढ्या याच रस्त्यावर पाने घेऊन बसला आहे तो बाहेरचा, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत काचेची भिंत उभारून आलेला तो आतला!

वस्तुतः या मुलखाला यंत्राची ओळख नवी नाही. निजामाच्या राज्य रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी बसवाहतूक सुरू केली, तेव्हापासून आगारांच्या कार्यशाळांत फिटर, लोहार, सुतार आणि रंगारी यांची एक जातच तयार झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे आले. नकाशावर रेघ पडली. पण उदगीरची गाडी हुमनाबादेस दुरुस्त व्हावयाची आणि बीदरचा मिस्त्री सोलापुरास सुटे भाग आणावयास जावयाचा, हा व्यवहार तसाच राहिला. आजही पुण्याहून हैदराबादेस जाणारा आणि नांदेडहून विजापुराकडे जाणारा असे दोन महामार्ग हुमनाबादेस एकमेकांस छेदतात, आणि त्या परिसरात पत्र्याच्या छपराखाली मराठी, कानडी, दखनी आणि तेलुगू या चारही भाषांत शिव्या ऐकू येतात. आमचे उस्ताद तेथलेच. परिवहन मंडळाच्या आगारातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचे गॅरेज काढले. वय पासष्टीच्या पुढे, चष्म्याला दोरी, आणि बोलणे निम्मे मराठी, निम्मे दखनी.

प्रथम तीन वर्षे आमच्यापुढे निवड अशी नव्हती, असे आमच्या मंडळीतील बहुतेकांचे मत होते. कारण हमी. 'बाहेर हात लावला की हमी गेली' हे वाक्य आमच्याकडे वेदवाक्याप्रमाणे बोलले जाते. पेशाने वकील असल्यामुळे ऐकीव वेदवाक्यांवर आमचा विश्वास थोडा कमी. हमीची पुस्तिका आम्ही दोन वेळा वाचून काढली. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, पस्तीस पृष्ठे. तीत ठरावीक अंतराची देखभाल अधिकृत केंद्रात करून घ्यावी असे होते; पण चाकात हवा भरली, टाकीची गळती थांबविली किंवा पाण्याचा पंप बदलला म्हणून इंजिनावरील हमी नाहीशी होते, असे कोठेही नव्हते.

या बाबतीत एका निर्णयाची माहिती प्रत्येक गाडीवाल्यास असावी असे आम्हांस वाटते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटारनिर्मात्या कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. तक्रार एका सामान्य ग्राहकाची होती. कंपन्या आपले अस्सल सुटे भाग, दोष शोधण्याची उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती स्वतःच्या साखळीबाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र मिस्त्रीचे हात बांधले जातात आणि ग्राहकास एकाच दुकानी जावे लागते, असे तिचे सार होते. आयोगाने ते मान्य केले, एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि पुढे एक महत्त्वाचे कलम घातले. स्वतंत्र कारागिराकडून काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये; बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल. त्यानंतर अपिले झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, मात्र दंड सुट्या भागांच्या व्यवसायापुरताच मोजावा असे ठरविले. तो आदेश त्या चौदा कंपन्यांपुरता आणि मोटारींच्या बाबतीत होता, तेव्हा तो हातात धरून प्रत्येक शोरूमच्या व्यवस्थापकास दटावता येईल असे नव्हे. परंतु त्यातील विचार न्याय्य आहे आणि युक्तिवादास बळकट आहे. अमेरिकेत १९७५ च्या हमीविषयक कायद्याने साधारण हेच तत्त्व स्वीकारले. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या अधिकाराचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे संकेतस्थळ उघडले.

कायदा असा ग्राहकाच्या बाजूस झुकलेला असला तरी फिरत्या घराची अडचण वेगळीच आहे. तो एक पदार्थ नसून दोन आहेत. खालचा सांगाडा, इंजिन आणि चाके एकाची. वरचे घर दुसऱ्याचे. युरोपात अशा गाड्या पुष्कळ असल्यामुळे तेथे दोन स्वतंत्र सर्व्हिसिंगांची रीतच पडली आहे, एक सांगाड्याची आणि एक राहत्या भागाची. राहत्या भागात ओल शिरली आहे काय हे वर्षातून एकदा तपासून घेतले नाही तर घर बांधणारा आपली हमी मानत नाही. आपल्याकडे मोटर कॅरॅव्हॅनच्या मान्यतेसाठी ए. आय. एस. १२४ हे मानक आहे खरे, पण ते गाडी रस्त्यावर येण्यापुरते. ती रस्त्यावर आल्यानंतर तिचा कैवारी कोण?

दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या छतातून पाणी ठिबकू लागले. शहरातील एका अधिकृत सेवाकेंद्राने, ज्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, छताकडे मान वर करूनही पाहिले नाही. "सर, हे आमचे नाही." घर बांधणाऱ्या कारखान्यास दूरध्वनी केला तर उत्तर आले की सांगाडा रस्त्यावर पिळवटतो म्हणून सांधे सुटतात, तेव्हा सांगाडेवाल्यास विचारा. न्यायालयात दोन प्रतिवादी एकमेकांकडे बोट दाखवितात तेव्हा वादीच्या वकिलास मनातून आनंद होतो. परंतु येथे वादी आम्हीच होतो आणि पाणी मातोश्रींच्या अंथरुणावर पडत होते. उस्तादांच्या गॅरेजात एक मुलगा छतावर चढला, वायुवीजनाच्या झडपेभोवतालचे वाळून तडकलेले सील त्याने खरवडून काढले, नवे भरले, आणि बादलीभर पाणी ओतून दाखविले. तीन तास लागले.

असे असूनही शोरूमचा तिरस्कार करावा असे आम्ही म्हणणार नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बी. एस. ६ गाड्यांच्या पोटात इतकी संवेदके आहेत की नुसत्या कानाने इंजिन ओळखण्याचे दिवस मागे पडले. एकदा गाणगापुराहून परतताना फलकावर पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जोर कमी झाला. उस्तादांनी आपले बाजारातून घेतलेले यंत्र जोडले, आकडा वाचला आणि यंत्र काढून ठेवले. "वकीलसाहेब, नक्को. हे मी खोलणार नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, माझ्याजवळ नाही. उगा अंदाजानं पार्ट बदलला तर पैसे तुमचे जातील." ज्यास आपल्या हाताची मर्यादा सांगता येते त्याच्या हातात गाडी द्यावयास हरकत नाही, असे आमचे मत त्या दिवशी झाले. शोरूमने तो दोष अर्ध्या दिवसात काढला, हमीत काढला, आणि त्याची नोंदही आपल्या संगणकात ठेवली. हैदराबादेस किंवा बेळगावास तोच दिवा पुन्हा लागला असता तर तेथील माणसास ती नोंद दिसली असती. ही सोय उस्तादांच्या वहीत नाही.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावयास बसलो ते सांगतो. हमीच्या शेवटच्या वर्षी, पौषात, जत्रेपूर्वी गाडी रीतीप्रमाणे शोरूमला टाकली. इंजिनाचे तेल बदलले, गाळण्या बदलल्या, धुऊन पुसून गाडी परत आली. जॉब कार्डावर 'ब्रेक तपासले' असा शिक्का होता. आमच्या चालकास एवढ्याने समाधान नव्हते, म्हणून दोन दिवसांनी आम्ही गाडी हुमनाबादेस नेली. उस्तादांनी ब्रेकच्या तेलाच्या डबीचे झाकण काढले, बॅटरीचा उजेड पाडला, आणि आम्हांस खाली वाकून पाहावयास लावले.

"हे तेल हाय का? हा चहा झालाय, साहेब."

आमच्यापैकी ज्यांना यंत्रात गती नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, हा त्याचा स्वभाव आहे. 'डॉट ३' जातीचे ताजे तेल २०५ अंशांखाली उकळत नाही. पण त्यात शेकडा चारच्या आत पाणी मुरले तरी तोच अंक १४० वर येऊ शकतो. 'डॉट ४' जातीचे हेच अंक २३० आणि १५५ असे आहेत. सपाट रस्त्यावर याने काही बिघडत नाही. परंतु रामनगर सोडून अनमोड घाट उतरताना, पाण्याने भरलेली टाकी, भांडीकुंडी आणि आठ माणसे यांसह चार टनांच्या घरात पोचलेली गाडी वळणावळणावर ब्रेक लावीत मोल्याकडे निघते, तेव्हा चाके तापतात, ती उष्णता तेलात उतरते, तेलातील पाण्याची वाफ होते, आणि पायाखालचे पेडल एकाएकी फडक्यासारखे मऊ लागते. वाफ दबते, तेल दबत नाही. ब्रेकची सारी शक्ती त्या एका गुणावर उभी आहे.

मग शोरूमने ते का बदलले नाही? आम्ही विचारले. तेथील तरुण सल्लागाराने अत्यंत नम्रपणे पडदा आमच्याकडे वळविला. "सर, सिस्टिममध्ये ब्रेक ऑइल अजून ड्यू दाखवत नाही." त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे चुकले नव्हते. त्याचे कोष्टक किलोमीटरवर चाले. शाळेच्या किंवा प्रवासी वाहतुकीच्या व्हॅनला वर्षास पन्नास हजार किलोमीटर होतात. आमच्या गाडीला सहा-सात हजार. ती दहा महिने आंब्याच्या झाडाखाली उभी असते. उभ्या गाडीस किलोमीटर लागत नाहीत, पण पावसाळे लागतात. तेल ओलावते, बॅटरी बसते, रबर तडकते, वायरी उंदीर कुरतडतात. टायरवरील नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतून तो म्हातारा झालेला असतो. टायरच्या बाजूस कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांत त्याचा जन्माचा आठवडा आणि वर्ष असते, हे आम्हांस उस्तादांनीच दाखविले. आपली गाडी ही यात्रेची गाडी आहे, तिचे पंचांग निराळे आहे, हे त्या पडद्यास सांगणारा कोणी नव्हता. तेल बदलून, मागील ब्रेकचे अस्तर घासून, दोन नळ्या नव्या घालून त्यांनी गाडी दिली. त्या माघात अनमोड घाट उतरताना मागच्या बाकावर पाच वृद्ध माणसे डोळे मिटून नामस्मरण करीत बसली होती. चालकाने दुसरा गिअर शेवटपर्यंत सोडला नाही, हीही उस्तादांचीच ताकीद.

कोणी म्हणेल, एवढे गुणगान गाण्यापेक्षा सगळेच काम बाहेर का देत नाही? त्यास आमच्या कचेरीतील अनुभव आड येतो. आमच्याकडे आलेल्या एका पक्षकाराच्या गाडीत एका गॅरेजाने पाट्याचे जुने पान नवे म्हणून बसविले. ते मोडले, गाडी शेतात गेली, सुदैवाने जीव वाचले. बिल नव्हते, जॉब कार्ड नव्हते, पानाचा तुकडाही भंगारात गेला होता. अशा दाव्यात वकिलाने काय सिद्ध करावे? म्हणून उस्तादांकडेही आम्ही पक्के बिल मागतो, सुट्या भागांची रिकामी खोकी आणि काढलेला जुना भाग मागतो. पहिल्यांदा त्यांना वाईट वाटले. "आमच्यावर भरोसा नाही का?" आम्ही म्हटले, भरवसा आहे म्हणून तर येतो, कागद तुमच्या नातवासाठी मागतो, उद्या तो गल्ल्यावर बसेल. तेव्हापासून बिलबुक आले आहे, कानडी आणि इंग्रजीत छापलेले, आणि त्यावर ते सही मात्र उर्दूत करतात.

दुरुस्तीस गाडी देणे हा भारतीय करार कायद्याच्या भाषेत निक्षेप होय. १८७२ च्या त्या कायद्यातील दीडशेव्या कलमाप्रमाणे वस्तूतील माहीत असलेला दोष सोपविणाऱ्याने सांगितला पाहिजे. उदाहरण खोडकर घोड्याचे दिले आहे. आमच्या घोड्याच्या पोटात गॅसचे नळकांडे आहे. म्हणून गाडी देताना ते उतरवून देतो, आणि जोडकाम करावयाचे असेल तर बॅटरीची तार आधी सोडावी हे स्वतः उभे राहून पाहतो. तसे न केल्यास इंजिनाचा संगणक जळू शकतो. एकशे एक्कावन्नाव्या कलमाप्रमाणे त्याने गाडीची स्वतःच्या वस्तूइतकी काळजी घ्यावयाची, आणि एकशे सत्तराव्याप्रमाणे मजुरी मिळेपर्यंत तो गाडी अडवून ठेवू शकतो. तेव्हा मजुरीचा तंटा असेल तर गाडी ओढून नेण्याचा पराक्रम करू नये. निषेध नोंदवून पैसे द्यावे आणि मग भांडावे. कोठे भांडावे, हेही सीमेवरच्या लोकांस उपयोगाचे आहे. पूर्वी सोलापुरास घेतलेल्या गाडीसाठी बहुधा सोलापूरच गाठावे लागे. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटापाण्याचे काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. मुदत दोन वर्षांची. भालकीच्या माणसाने गाडी महाराष्ट्रात घेतली असली तरी बीदरात दाद मागता येते. सांगाडेवाला आणि घरवाला या दोघांसही एकाच तक्रारीत ओढता येते, हे छतातून पाणी ठिबकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

हमी संपल्यावर पाचही घरांची बैठक भरली. काकांचे म्हणणे, शोरूमचे शिक्के असले तर विकताना किंमत येते. त्यावर काकू म्हणाल्या, विकावयाची कोणाला आहे? धाकट्या पिढीला सर्वच हुमनाबादेस न्यावे असे वाटत होते, कारण ते स्वस्त पडते. अखेर ठरले ते असे. इंजिन, त्याची विद्युत् आणि संगणकाची कामे वर्षातून एकदा शोरूमला. चाके, ब्रेक, पाटे आणि संपूर्ण घर उस्तादांकडे, तेही किलोमीटर न मोजता तिथीने. ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी, गॅसची नळी पाच वर्षांच्या आत. एक जाड वही गाडीतच ठेवावयाची, दोन्ही ठिकाणच्या माणसांनी तीत लिहावयाचे आणि एकमेकांचे वाचावयाचे. शोरूमच्या सल्लागाराने पहिल्यांदा वहीकडे कुतूहलाने पाहिले, नंतर उस्तादांची नोंद वाचून ब्रेकच्या अस्तराची जाडी स्वतः मोजून खाली लिहिली. दोघांची अद्याप भेट झालेली नाही.

उस्तादांची एक अट मात्र आम्हांस जड गेली. जत्रेच्या आदल्या दिवशी गाडी आणावयाची नाही. पंधरा दिवस आधी, आणि टाकी, भांडी, अंथरुणे सर्व भरून आणावयाची, म्हणजे पाटे खरोखर किती दबतात ते कळते. यंदा त्याप्रमाणे कलबुर्गीतील तुरीच्या डाळीच्या एका गिरणीच्या काट्यावर गाडी चढविली. नोंदणीपत्रातील कमाल वजनाहून, आठ माणसे धरता, नव्वद किलो जास्त भरले. टाकी निम्मी रिकामी केली; पाणी मोल्यास पुन्हा भरता येईल. उरलेल्या चाळीस किलोंसाठी तांब्याचे दोन हंडे, एक पाटा-वरवंटा आणि पितळी समई उतरवावी लागली. समई जत्रेस आलीच पाहिजे असा मातोश्रींचा आग्रह. ती त्यांनी मांडीवर घेतली, आणि तिच्या ऐवजी आमची कायद्याची पुस्तके खाली ठेवली गेली.